समुद्रात मीठ कोण घालतं?

मोलेफी मोहापीच्या बैठकीच्या खोलीत समुद्र आहे, हे थाबोंगमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. खरा समुद्र इथून बसनं दिवसभराच्या वाटेवर. मधे मक्याची शेतं, बंद पडलेल्या सोन्याच्या खाणी आणि त्या खाणींतून उपसलेल्या मातीचे पिवळे डोंगर. ऑगस्टात वारा सुटला की ते डोंगर उठून आपल्या ताटात येऊन बसतात. असल्या कोरड्याठाक गावात माणसानं कोंबड्या पाळाव्यात, फार तर कबुतरं पाळावीत. मोलेफीनं प्रवाळ पाळले.

त्याला नावं ठेवायच्या आधी त्याची नोकरी बघा. सव्वीस वर्षं हा गडी खाणीत पंपावर होता. वर सगळे सोनं सोनं करायचे, हा खाली पाणी पाणी करायचा. खडकातून झिरपणारं काळं, गंजकं पाणी, तोंडात घेतलं तर जीभ आक्रसेल असलं, ते रात्रंदिवस वर ढकलायचं. पुढे खाण बंद झाली, खाणीचा डॉक्टर परदेशी निघाला आणि जाताना चारशे लिटरची काचेची टाकी, मासे, प्रवाळ, दिवे सगळं मोलेफीच्या गळ्यात घालून गेला. कारण दर शनिवारी ती टाकी पुसायला मोलेफीच जायचा. डॉक्टर एवढंच म्हणाला, "ह्यांना नळाचं पाणी पाजलंस की ही मेली." झालं. घाण पाण्यात उमर काढलेल्या माणसाला स्वच्छ पाण्याचं व्यसन लागलं.

स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर त्यानं गाळणी बसवली. पिण्याच्या पाण्याचा आरओ असतो ना, त्याचीच ही थोरली, कडक स्वभावाची बहीण. पहिल्या भांड्यात दोऱ्याची पांढरी कॅन्डल, ती नळातला गंज आणि गाळ धरते. दुसऱ्यात कोळसा, तो नळाच्या औषधाचा वास खातो. मग आडव्या नळीत गुंडाळलेला पडदा, त्यातून पाणी नुसतं थेंबथेंब सुटतं. आणि शेवटी राळेचे बारीक निळे मणी, ते उरलंसुरलं ओढून घेतात आणि दमले की तपकिरी पडतात. एवढ्या चौघांच्या हातून सुटून जे निळ्या पिंपात पडेल, त्यात क्षार मोजणारा मीटर बुडवला की आकडा शून्य यायला हवा. एक आला तरी मोलेफीचा चेहरा उतरायचा.

त्या शून्य पाण्यात पांढऱ्या बादलीतलं मीठ मोजून कालवलं की झाला समुद्र. पुढे मग रोजचं एकच काम. दिव्याच्या उष्णतेनं जेवढं पाणी उडून जातं, तेवढं बिनमिठाचं पाणी वरून ओतायचं. उडतं ते पाणी. मीठ बिचारं मागे राहतं.

शेजारचा त्सिउ, खाणीतला जुना सोबती, कुंपणावर कोपरं टेकून बघायचा. गाळणीनं फेकलेलं पाणी मोलेफीच्या पालकाच्या वाफ्यात जायचं आणि तो पालक त्सिउच्या घरी जायचा, तरी त्याचं तोंड काही बंद व्हायचं नाही. "चार बादल्या फेकून एक बादली समुद्र करतोस," तो म्हणायचा. "देवसुद्धा असला उधळ्या नव्हता रे."

रोजचं पाणी ओतायचं काम दिसेबोचं. दिसेबो म्हणजे मोलेफीची बायको. ठेंगणी, डावखुरी, हसली की खांदे हलायचे. तिनं टाकीच्या काचेवर नखाच्या लाल रंगानं एक रेघ ओढली होती. रोज सकाळी पिंपातून जग भरायचा, रेघेपर्यंत पाणी आणायचं आणि जग ओट्यावर पालथा घालायचा, कान डावीकडे करून. टाकीत मधोमध एक मऊ, पिवळसर, पाच बोटांचा प्रवाळ होता. सकाळी दिवा लागला की त्याच्या बोटांवर बारीक लव फुटायची, पाण्यात हलायची. दिसेबो त्याला नुसतं 'हात' म्हणायची. "आज हात उघडलाय बघा," ती म्हणायची, "दिवस बरा जाणार."

तिला समुद्र बघायचा होता. नवऱ्यानं कबूलही केलं होतं. दर डिसेंबरात थाबोंगहून डर्बनला बस जाते. माणसं चार दिवस पाण्यात डुंबून येतात आणि येताना बाटल्या भरभरून समुद्राचं पाणी आणतात. आजाऱ्याच्या अंगाला लावायला, उंबऱ्यावर शिंपडायला, घरात काही वाईट शिरलं असेल तर ते बाहेर काढायला. "यंदा तुला नेतो," मोलेफी म्हणायचा. अकरा वर्षं हेच म्हणाला. आणि दर डिसेंबरात तीच अडचण. वीज जाते, पंप बंद पडतो, चार दिवस टाकी कोण बघणार? घरातला समुद्र टाकून खरा समुद्र बघायला जायचं कसं? असली अडचण मी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकली असती तर खो खो हसलो असतो.

मग दिसेबोची मूत्रपिंडं गेली. सरकारी दवाखान्यात रक्त धुणाऱ्या यंत्राला रांग होती आणि तिचा नंबर यायच्या आत, जुलैत, ती गेली. रांगेची चौकशी करायला गेला असताना मोलेफीनं तिथल्या भिंतीवर गाळणी पाहिली होती. तीच दोऱ्याची कॅन्डल, तोच कोळसा, तोच पडदा, फक्त आकारानं दांडगी. यंत्राला लागणारं पाणीही शून्यच लागतं म्हणे. तो घरी आला आणि पिंपाशी बसून राहिला. माझ्या घरात हे पाणी रोज पिंपभर पडतं, प्रवाळ त्यावर माजलेत, आणि हिच्या रक्ताला त्यातला थेंब उपयोगाचा नाही. हे त्याच्या मनात रुतलं ते रुतलंच.

दफनानंतरचा पहिला गुरुवार. गुरुवारी सकाळी नऊला मोलेफी गावातल्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंची टाकी साफ करायला जातो, दोनला परततो. त्या दिवशी न जावं तर घर खायला उठलं होतं, म्हणून गेला. आला, जग घ्यायला ओट्याकडे वळला, तर जग ओला. पालथा. कान डावीकडे. टाकीतलं पाणी बरोबर लाल रेघेवर.

त्यानं सकाळी पाणी ओतलेलं नव्हतं. ती गेल्यापासून रोज ओततो, पण त्या दिवशी डोकं ठिकाणावर नव्हतं. आणि मोलेफी उजव्या हाताचा माणूस.

तो खुर्चीत बसला आणि दिवे लागायची वेळ होईतो उठला नाही. भ्यायला का? नाही. त्याला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की लाज वाटली.

पुढच्या गुरुवारी त्यानं मुद्दाम पाणी ओतलं नाही. परत आला तर पाणी रेघेवर, जग डावीकडे. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या त्या गुरुवारी पेन्सिलीनं बारीक ठिपका द्यायला सुरुवात केली. कोणाला सांगितलं नाही. त्सिउला सांगितलं असतं तर अख्ख्या गल्लीनं बाटल्या घेऊन दारात रांग लावली असती. गुरुवारी सकाळी तो खोली झाडायचा, टाकीची काच पुसायचा, आणि निघताना दिसेबोच्या खुर्चीशेजारी कपभर लाल चहा झाकून ठेवायचा. चहा परत तसाच मिळायचा, थंड, वर तवंग धरलेला. तो ओतून द्यायचा आणि म्हणायचा, असू दे, कामाच्या गडबडीत तिला चहा कधी सुचलाय?

जानेवारीत सुतक फिटलं. मेंढी कापली, ज्वारीची बिअर झाली, दिसेबोच्या बहिणींनी मोलेफीच्या बाहीवरची काळी पट्टी उसवून जाळली. आणि त्याच महिन्यातल्या शेवटच्या गुरुवारी तो गावातून आला तर खुर्चीशेजारचा कप रिकामा. तळाशी चहाची पूड तेवढी.

मोलेफी त्या दिवशी रडला. इतके महिने नुसतं काम करून जात होती, आता बसायला लागली. परकेपणा गेला. त्या दिवशीचा ठिपका त्यानं जरा मोठा काढला.

आता हा माणूस दर महिन्याच्या एक तारखेला टाकीचं मीठ मोजायचा. त्याची एक छोटी दुर्बिणीसारखी नळी असते. काचेवर थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून बघायचं, आत पट्टी दिसते. पस्तीस असलं की खऱ्या समुद्राइतकं. जुलैपासून जानेवारीपर्यंत कॅलेंडरवर त्याच्या अक्षरात दर एक तारखेला पस्तीस लिहिलेलं होतं. फेब्रुवारीपासून त्यानं मोजणं सोडलं. दिसेबोच्या हातात काम आहे म्हटल्यावर तपासायचं काय? बायको रांधत असताना मागून पातेल्यात बोट घालून चव घेणाऱ्या नवऱ्यासारखं झालं असतं ते.

एप्रिलमध्ये हात मिटला.

हा प्रवाळ अधूनमधून आठवडाभर मिटतो, अंगावर मेणासारखी साल धरतो, ती टाकतो आणि पुन्हा फुलतो. मोलेफीला हे माहीत होतं, म्हणून थांबला. आठवडा गेला, दोन गेले, महिना गेला. बोटं आक्रसली, टोकाला करडी पडली. मग मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळालं. दिसेबोनं ज्याला रोज नाव घेऊन हाक मारली अशी घरात जिवंत उरलेली ही एकच वस्तू. आणि त्याची पक्की समजूत होती की दिसेबो येते ती ह्या हातासाठी. हात मेला तर तिला यायला कारण काय?

त्यानं गाळणीवर संशय घेतला. माणूस ज्यात हुशार असतो तिथेच आधी चूक शोधतो.

मुख्य नळ बंद केला, दाब सोडला, मोठा पाना लावून पहिलं भांडं फिरवलं. दोऱ्याची कॅन्डल नळाच्या गंजानं विटकरी झाली होती. ती काढून नवी घातली, भांडं घासलं, रबराच्या कड्याला बोटानं ग्रीस लावलं, कडं खाचेत नीट बसलं का ते नखानं चाचपलं. भांडं हातानं घट्ट केलं, पान्यानं नुसता अर्धा आटा. जास्त आवळलं की पुढच्या वेळी उघडत नाही आणि माणूस शिव्या देतो. नवा कोळसा बसवल्यावर पहिलं काळं पाणी बादलीभर वाहू दिलं, कारण ती पूड पडद्यावर गेली तर पडद्याचा सत्यानाश. तरी मीटर शून्य आणि हात मिटलेला. मग पडदा बदलला. नवा पडदा पहिले काही तास खोटं बोलतो, म्हणून ते पाणी पालकाला दिलं. मग राळेचे मणीही ओतून टाकले, निळे असताना, दमलेले नसताना, आणि नवे भरले. मीटर शून्य. तो दर तासाला मीटर बुडवायचा आणि शून्य बघून अधिकच घाबरायचा.

"काय, समुद्राला जुलाब झालेत का?" त्सिउनं कुंपणावरून विचारलं. वाफ्यात चौथ्यांदा पाणी सुटलं होतं.

"हात मरतोय," मोलेफी म्हणाला.

त्सिउचा चेहरा बदलला. हात म्हणजे काय हे त्याला माहीत होतं. "पाणी खराब आहे का?"

"पाणी शून्य आहे."

"मग झालं की. पाण्यात काही नाही तर मारणार कोण?" त्सिउ म्हणाला, "खाली पंपावर असताना तू आम्हाला काय सांगायचास आठवतं का? काटा शून्य दाखवत असेल तर आधी बघा, काटा कशाचा आहे."

तो हे सहज बोलला आणि सिगारेट पेटवून आत गेला. मोलेफी मात्र वाफ्यात पाना हातात धरून उभा राहिला. मीटर पिंपातल्या पाण्याचा होता. टाकीतल्या पाण्यात त्यानं पाच महिन्यांत काही बघितलंच नव्हतं.

नळी कपाटातून काढली, थेंब टाकला, खिडकीकडे धरली. सत्तावीस. काच पुसून पुन्हा बघितलं. सत्तावीस. मासे धकवून नेतात, प्रवाळाला ते जमत नाही. मोलेफी तिथेच जमिनीवर बसला. त्याला गणित कळायला वेळ लागला नाही. कळलं ते नको होतं. पाणी रेघेवर आहे आणि मीठ उतरलंय, म्हणजे टाकीतून खारं पाणी कोणीतरी काढून नेतंय आणि त्याच्या जागी पिंपातलं गोडं पाणी भरून रेघ राखतंय. फरशीवर ओल नाही, टाकी गळत नाही. आणि मेलेल्या माणसाला बाटल्या लागत नाहीत.

त्या गुरुवारी त्यानं डॉक्टरीणबाईंना उद्या येतो म्हणून निरोप धाडला. खोली झाडली. चहा झाकून ठेवला. काय म्हणावं ह्या माणसाला, चोर पकडायला बसला होता आणि चहा झाकून ठेवला होता. मग दिसेबोच्या खुर्चीत पडद्याआड बसला. जूनचा, म्हणजे आमच्या ऐन हिवाळ्याचा कडाका, खिडकीच्या काचेवर दहिवर, स्वयंपाकघरातून गाळणीचा थेंब थेंब आवाज. दहाच्या सुमारास दारात किल्ली फिरली. सगळं कळत होतं त्याला, तरी त्याच्या तोंडून निघालं, "दिसेबो?"

आत आलेल्या बाईच्या हातातली पिशवी पडली. रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या खोलीभर गडगडल्या. लाल पोलकं, पांढरी गळपट्टी, पांढरी टोपी. देवळातल्या गुरुवारच्या प्रार्थनेला जाणाऱ्या बायकांचा पोशाख. ती मोइपोने होती, मागच्या गल्लीतली, दिसेबोची प्रार्थनेतली धाकटी मैत्रीण. दफनाच्या दिवशी चुलीपाशी उभं राहून तिनं दोनशे माणसांची मक्याची उकड रांधली होती.

"न्ताते मोलेफी," ती छातीवर हात ठेवून म्हणाली. न्ताते म्हणजे आमच्याकडे बापमाणूस, म्मे म्हणजे आईमाणूस आणि आउसी म्हणजे ताई. "तुम्ही गावात असता ना ह्या वेळी?"

"किल्ली कोणी दिली तुला?"

"म्मे दिसेबोनं."

मोइपोने बाटल्या गोळा करायला वाकली, मग ते बरं दिसणार नाही असं वाटून तशीच उभी राहिली आणि भडाभडा बोलायला लागली. चोरी नाही, न्ताते, देवाशपथ चोरी नाही. म्मे दिसेबो जिवंत असतानाही दर गुरुवारी दोन बाटल्या द्यायची. बायका प्रार्थना झाली की आजाऱ्यांच्या घरी जातात, तिथे अंथरुणाभोवती शिंपडायला समुद्राचं पाणी लागतं. डर्बनहून आणलेलं मार्चपर्यंतसुद्धा पुरत नाही. मग म्मे दिसेबो म्हणाली, माझ्या घरी आहे की समुद्र. आजार वाढल्यावर तिनं मला बसवून शिकवलं. कुठून पाणी घ्यायचं, कुठून भरायचं, लाल रेघ, जग कसा पालथा घालायचा. मी सगळं तिनं दाखवलं तस्संच करते, हात इकडचा तिकडे नाही.

"दोन बाटल्या?"

मोइपोनेनं खाली बघितलं. "आता चार. मागणाऱ्या वाढल्या."

"आणि मीठ?" मोलेफी म्हणाला. "मिठाचं काही सांगितलं नाही तिनं?"

"सांगितलं होतं," मोइपोने कचरत म्हणाली. "दर बाटलीमागे पांढऱ्या बादलीतलं दोन मुठी मीठ घाल म्हणाली. पण न्ताते, त्या दिवशी तिला भान नव्हतं. ग्लानीत बोलत होती. मला वाटलं बडबडतेय." ती एकदम त्याच्याकडे बघून म्हणाली, "समुद्रात मीठ कोण घालतं?"

मोलेफीला हसू आलं. पोटातून आलं आणि अर्ध्यात अडकलं. तो उठला, तिला टाकीपाशी घेऊन गेला आणि मिटलेला हात दाखवला. पाचांपैकी तीन बोटं करडी, टोकाला विरघळत चाललेली. "तो समुद्र नाहीये, आउसी. ते आपल्या नळाचं पाणी आहे. मी गाळतो आणि वर दुकानातलं मीठ घालतो. तू मीठ घातलं नाहीस म्हणून हा मरतोय."

मोइपोने टाकीकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, "तुम्ही पाहिलाय समुद्र?"

"नाही."

"मग तुम्हाला काय माहीत?"

तिनं टोपी काढून हातात घेतली. "आम्ही तिला धुतलं ना," ती म्हणाली, "शेवटच्या दिवशी. बायका आत होतो, तुम्ही बाहेर पुरुषांत बसला होतात. तिनं आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणाली, मोलेफीला समुद्र टाकून जाता आलं नाही, त्याला बोल लावू नका. पण मला त्याच पाण्यानं धुवा. पायापासून डोक्यापर्यंत. मी स्वतः सहा बाटल्या भरून नेल्या होत्या इथून. हसू नका, पण धुतल्यावर तिचा चेहरा सुटला. सुजलेली होती ना इतकी. सगळ्यांनी पाहिलं."

मोलेफी हसला नाही. त्यानं टाकीच्या काचेवर कपाळ टेकलं. कॅन्डल, कोळसा, पडदा, मणी. थेंब थेंब गाळलेलं त्याच्या हातचं पाणी. वर्षभर तो त्या पिंपाला दोष देत होता. आणि ते तिच्या अंगाला लागलं होतं, सगळ्या अंगाला, आणि त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तो हुंदके देऊन रडला आणि मोइपोने त्याच्या पाठीवर हात न ठेवता, पण जागा न सोडता, शेजारी उभी राहिली. रीत अशी आहे.

थोड्या वेळानं तिनं खुर्चीशेजारचा कप उचलला आणि सवयीनं घोट घेतला. मग लक्षात येऊन थबकली. "हा चहा... मला वाटायचं तुम्हाला ठाऊक आहे मी येते, म्हणून ठेवता. साखर तेवढी कमी असते."

"तिला कमी लागायची," मोलेफी म्हणाला.

खारेपणा एका दिवसात वाढवता येत नाही. प्रवाळाला धक्का बसतो. मोलेफी रोज थोडं थोडं मिठाचं पाणी घालत गेला, दिवसाला एक आकडा. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. तीन बोटं गळून पडली. ती त्यानं ब्लेडनं साफ कापली, नाहीतर सड खाली उतरली असती. नवव्या दिवशी सकाळी दिवा लावला तर उरलेल्या दोन बोटांपैकी एकावर बारीक लव फुटली होती, हलत होती. गुरुवारी त्यानं मोइपोनेला बादली उघडून मूठ मोजायला शिकवलं. ती म्हणाली, "बायकांना सांगू नका हं." तो म्हणाला, "मला काय माहीत आहे म्हणून सांगू?"

मग जग पालथा घालताना तिनं तो कान डावीकडे केला आणि मोलेफीला काहीतरी आठवलं.

"दफनानंतर तू पहिल्यांदा आलीस तो गुरुवार कोणता?"

"जानेवारीतला शेवटचा."

"त्याआधी? जुलैत, ऑगस्टात?"

"छे हो," मोइपोने जवळजवळ दुखावून म्हणाली. "सुतकातल्या घरात कुलूप उघडून शिरेन का मी? म्मे दिसेबोनंच बजावलं होतं, काळी पट्टी निघाल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. पट्टी निघाली, त्याच्या पुढच्या गुरुवारी आले. तुमचा चहा तयार होता."

ती गेल्यावर मोलेफीनं खिळ्यावरचं यंदाचं कॅलेंडर काढून खालचं जुनं वर घेतलं. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. दर गुरुवारी त्याच्या पेन्सिलीचा बारीक ठिपका. दर एक तारखेला पस्तीस. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. जुनं कॅलेंडर संपलं, नवं पुन्हा हातात घेतलं. जानेवारीच्या तीन गुरुवारांना ठिपके तसेच बारीक. चौथ्याला मोठा. कोणी म्हणेल, दुःखात माणूस स्वतःच पाणी ओततो आणि विसरून जातो. म्हणोत बापडे. मोलेफीला स्वतःचा उजवा हात ओळखता येतो.

ती आली होती. मोइपोनेला यायची मुभा नव्हती तेवढे सगळे गुरुवार तिनं स्वतः येऊन रेघ राखली होती. काम पुढच्या हातात गेलं आणि ती निघाली. चहा प्यायला तिला सवडच नव्हती. ज्या दिवशी रिकामा कप बघून तो आनंदानं रडला, तोच ती न आलेला पहिला गुरुवार होता.

मोलेफीनं कॅलेंडर खिळ्याला लावलं. पाणी रेघेवर होतं, तरी त्यानं नळी उजेडाकडे धरून बघितली. मग खुर्चीशेजारचा कप धुतला आणि कपाटात ठेवून दिला.